यंत्र आपले, किल्ली कोणाची? हार्डवेअर कंपन्या आणि मुक्तस्रोत यांच्या सत्तर वर्षांच्या संबंधांचा इतिहास

१/ १४ जून २०१२. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाचे सभागृह. लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. एका श्रोतीने तक्रार मांडली : एनव्हिडियाचे ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स धड चालत नाही आणि कंपनी मदतही करत नाही. टॉरव्हाल्ड्स म्हणाले, आजवर ज्या हार्डवेअर कंपन्यांशी आमचा संबंध आला, त्यांत ही सर्वांत वाईट. मग कॅमेऱ्याकडे वळून त्यांनी मधले बोट दाखवले आणि कंपनीला एक सणसणीत शिवी हासडली. ती चित्रफीत जगभर गाजली.

२/ जवळपास दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच एनव्हिडियाने आपल्या लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नलशी जोडलेल्या भागाचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली जाहीर केला. अनेकांना वाटले, शेवटी पाषाणाला पाझर फुटला. तो खरोखर पाझर होता की हिशेब? आणि जे दार उघडले, ते नेमके कोणत्या खोलीचे? या प्रश्नांचे उत्तर शोधायचे तर सत्तर वर्षे मागे जावे लागते. आजचा थ्रेड त्याच प्रवासाविषयी.

३/ आधी एक शब्द समजून घेऊ : ड्रायव्हर. हत्ती कितीही बलाढ्य असो, त्याला कळतात त्या माहुताच्या खुणा. कानामागे पायाचा कोणता दाब दिला की तो वळतो आणि कोणत्या शब्दाला बसतो, हे माहीत नसेल तर हत्ती दारात असून नसल्यासारखा. संगणकातील प्रत्येक चिपच्याही अशा खुणा असतात. कोणत्या जागी कोणता आकडा लिहिला की ती काय करते, याची यादी चिप घडवणाऱ्या कंपनीकडे असते. त्या यादीवरून लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. ही सगळी लढाई त्या यादीसाठीची आहे.

४/ पहिला टप्पा, १९५५. आयबीएमचे महाकाय संगणक वापरणाऱ्या अमेरिकी संस्थांनी ‘शेअर’ नावाचा संघ स्थापन केला. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने फुकट घ्यावा, सुधारावा आणि परत वाटावा, अशी तिथली रीत होती. आयबीएमचा त्याला विरोध नव्हता. कंपनीचा पैसा यंत्राच्या विक्रीत आणि भाड्यात होता. सॉफ्टवेअर ती यंत्रासोबत, बहुधा सोर्स कोडसह, देऊन टाकत असे. जितके प्रोग्रॅम जास्त, तितके यंत्र अधिक उपयोगी. खुलेपणा त्या काळी धंद्याला पूरक होता, म्हणून तो टिकला.

५/ वळण आले १९६९ मध्ये. जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने आयबीएमविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केले, की यापुढे यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगवेगळी आकारली जाईल. वरकरणी हा हिशेबाच्या वहीतला बदल. परंतु ज्या दिवशी सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमत आली, त्या दिवसापासून त्याचा सोर्स कोड राखण्याजोगी संपत्ती ठरू लागला. जी वस्तू यंत्रासोबत येत होती, ती आता तिजोरीत जाण्याच्या वाटेला लागली.

६/ या बदलाची झळ एका तरुणाला १९८० च्या सुमारास लागली. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर भेट दिला. त्यात कागद वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय केली होती : कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना झळके. नव्या प्रिंटरसाठीही त्यांना तेच करायचे होते. पण कंपनीने सोर्स कोड दिला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्यापर्यंत पोहोचले, तर उत्तर मिळाले, ‘देणार नाही, तसे वचन देऊन बसलो आहे.’

७/ हे वचन म्हणजे गोपनीयतेचा करार. स्टॉलमन यांना त्यात केवळ गैरसोय दिसली नाही. एका माणसाने आपल्या सगळ्या सहकाऱ्यांना मदत नाकारण्याचे आधीच कबूल केले आहे, हे त्यांना खुपले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. तोच ‘ग्नू’ प्रकल्प. योगायोग असा, की त्याच वर्षी फेब्रुवारीत आयबीएमनेही धोरण जाहीर केले होते : यापुढे सॉफ्टवेअर सोर्स कोडविना, फक्त यंत्राला कळेल अशा रूपात मिळेल. एक दार बंद होत असताना दुसरे कोणीतरी नवे घर बांधायला घेत होते.

८/ मात्र त्याच आयबीएमने दोन वर्षांपूर्वी नकळत एक खिडकी उघडी ठेवली होती. १९८१ चा आयबीएम पीसी बाजारातील सुट्या भागांतून जुळवलेला होता, आणि त्याच्या तांत्रिक माहितीपुस्तकात विद्युतमंडलांचे आराखडे आणि बायोसचा कोडसुद्धा छापलेला होता. इतरांनी त्याबरहुकूम यंत्रे काढली आणि पीसी जगभर पसरला. इंटेलही आपल्या प्रोसेसरांच्या पुस्तिका प्रसिद्ध करत असे. म्हणजेच या यंत्राच्या बहुतेक खुणा बाजारात विकत मिळत होत्या.

९/ या तपशिलाचे महत्त्व १९९१ मध्ये कळले. हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या टॉरव्हाल्ड्सनी जानेवारीत ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला आणि २५ ऑगस्टला आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. त्यांचा इशाराही होता : माझ्याकडे आहे तेवढ्याच प्रकारची हार्ड डिस्क यावर चालेल, बाकी बहुधा कधीच चालणार नाही. लिनक्सच्या जन्मकथेत प्रतिभेचे कौतुक नेहमी होते. ज्या यंत्रावर ते घडले, त्याची माहिती कोणापासून लपवलेली नव्हती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१०/ १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात कंपन्यांचे लिनक्सविषयी धोरण असे नव्हतेच. त्यांच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हते. अपवादाने एखादी ठिणगी पडे. डायमंड मल्टिमीडिया ही ग्राफिक्स कार्डांची नावाजलेली कंपनी. गोपनीयता करार केल्याशिवाय ती आपल्या कार्डांची माहिती देईना. मुक्त ड्रायव्हर म्हणजे प्रत्येक ओळ जगाला दाखवायची. तिथे गोपनीयता पाळायची कशी? तेव्हा एक्सफ्री८६ या चित्रप्रणालीच्या स्वयंसेवकांनी वापरकर्त्यांना सरळ सांगितले, ही कार्डे घेऊ नका. काही वर्षांनी कंपनीने धोरण बदलले. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ या म्हणीचा हा पहिला प्रत्यय.

११/ दशकाच्या अखेरीस आणखी एक अडचण आली : विनमोडेम. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेममधील महागडी चिप कंपन्यांनी काढून टाकली आणि तिचे काम विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवले. मोडेम स्वस्त झाला, पण विंडोजवाचून तो निव्वळ पत्र्याचा तुकडा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या पीसींच्या त्या काळात संगणक-मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी हौसेने टाकायची आणि मग इंटरनेटच जोडता येत नाही म्हणून हात चोळत बसायचे, हा अनुभव आपल्याकडील त्या पिढीच्या पुष्कळांनी घेतला आहे. लिनक्सच चालत नाही, असा समज त्यातून पसरला. मूळ उणीव होती न मिळालेल्या माहितीची.

१२/ घरगुती संगणकांवर ही ओढाताण चालू असताना दुसरीकडे निराळेच घडत होते. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी जोडून ‘बेवुल्फ’ नावाचा समूह-संगणक उभारला. त्यावर लिनक्स होते. बेकर यांनी लिनक्ससाठी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर मोठ्या संख्येने लिहिले. लाखो डॉलरच्या महासंगणकाचे काही काम बाजारातल्या सुट्या यंत्रांवर होऊ लागले, तशी सर्व्हर विकणाऱ्या कंपन्यांची मान पहिल्यांदा लिनक्सकडे वळली.

१३/ सप्टेंबर १९९८ मध्ये इंटेलने रेड हॅट या लिनक्स कंपनीत गुंतवणूक केली. डिसेंबर २००० मध्ये आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी जाहीर केले, की पुढील वर्षी कंपनी लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करणार. सतरा वर्षांपूर्वी सोर्स कोड कुलूपबंद करणारी हीच ती कंपनी. कारण साधे होते. तिच्याकडे यंत्रांची चार घराणी होती आणि चौघांची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. सर्वांवर चालेल अशी एक प्रणाली स्वतः घडवणे महाग. ती जगाने घडवून ठेवली होती. शिवाय मायक्रोसॉफ्ट आणि सन या प्रतिस्पर्ध्यांना शह बसत होता.

१४/ २००१ मध्ये ‘शांती, प्रेम आणि लिनक्स’ अशा अर्थाची जाहिरात करताना आयबीएमच्या माणसांनी शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर शांतिचिन्ह, हृदय आणि पेंग्विन रंगवले. ते सहज निघेनात, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को शहराने कंपनीकडून दंड वसूल केला. किस्सा मजेदार आहे. त्यातला विरोधाभास अधिक बोलका. कारण आयबीएमने मेनफ्रेमसाठी लिनक्स दिले, पण नेटवर्क जोडणीचे काही ड्रायव्हर सुरुवातीला सोर्स कोडविनाच दिले. ते खुले व्हायला आणखी काही वर्षे गेली. हातचे राखून देण्याची ही सवय पुढेही दिसेल, म्हणून लक्षात ठेवा.

१५/ आता एका निळ्या-काळ्या डबीची गोष्ट. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा वायफाय राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. पुढच्याच वर्षी सिस्कोने लिंकसिस विकत घेतली. जिज्ञासूंनी राउटरमधील सॉफ्टवेअर उलगडून पाहिले, तर आत लिनक्स! लिनक्सचा परवाना म्हणतो : वापरा, बदला, विका, पण ज्याला विकाल त्याला त्या मुक्त भागाचा सोर्स कोडही द्या. तो दिला गेला नव्हता. विकासकांनी जाहीर पाठपुरावा केला आणि २००३ च्या उन्हाळ्यात कोड प्रसिद्ध झाला. फुकट मिळालेल्या वस्तूलाही अट असते, हे एका मोठ्या कंपनीला तेव्हा उमगले.

१६/ त्या कोडच्या पायावर २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ उभे राहिले. हौशी मंडळींनी या स्वस्त डबीला महागड्या राउटरचे गुण शिकवले. २००५ मध्ये कंपनीने नव्या आवृत्तीतली मेमरी निम्मी केली आणि लिनक्स काढून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. ग्राहकांची मागणी मात्र इतकी होती, की जुना साचा ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ या नावाने वेगळा विकावा लागला. त्यातील ‘एल’ लिनक्सचा. परवान्याच्या अटींवरचा वाद पुढेही धुमसत राहिला. २००८ च्या डिसेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोविरुद्ध दावा लावला आणि २००९ च्या मे महिन्यात तडजोड झाली.

१७/ या डबीतही एक बंद कोपरा उरला होता : वायफाय चिपचा ड्रायव्हर. ती चिप ब्रॉडकॉमची, आणि ब्रॉडकॉम खुणांची यादी कोणालाच देत नव्हती. असंख्य लॅपटॉपांतही तीच चिप. काहींनी विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवण्याची ‘एनडीआयएसरॅपर’ नावाची तडजोड काढली. दुसऱ्या गटाने अवघड वाट धरली. एका चमूने कंपनीचा बंद ड्रायव्हर सूचनेगणिक उलगडून चिप कशी वागते याचे टिपण तयार केले. दुसऱ्या चमूने तो ड्रायव्हर न पाहता केवळ टिपणावरून नवा लिहिला.

१८/ दोन चमू का? कायद्यासाठी. ज्याने मूळ पाहिले त्याने लिहायचे नाही, आणि जो लिहितो त्याने मूळ पाहायचे नाही. म्हणजे नकलेचा आरोप टिकत नाही. विनावेतन केलेल्या या कामातून घडलेला ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. कंपनीत त्या खुणांची यादी कपाटात तयार होती आणि बाहेर माणसे रात्री जागून तीच पुन्हा शोधत होती. मुक्तस्रोताच्या इतिहासात वाया गेलेल्या अशा श्रमांचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मांडला, तर तो फार मोठा निघेल.

१९/ याच काळात कॅनडातील थिओ डी राट हे ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे प्रमुख तडजोडीला साफ नकार देत होते. त्यांची भूमिका दोन वाक्यांत सांगता येते. गोपनीयता करार करणार नाही. आत काय आहे ते वाचता येत नाही असा प्रोग्रॅम स्वीकारणार नाही. सुरक्षिततेसाठी नावाजलेली प्रणाली न वाचता येणाऱ्या कोडवर विसंबणार कशी? अडॅप्टेकने डिस्क-नियंत्रकांची माहिती दिली नाही, तेव्हा २००५ मध्ये त्यांनी चालत असलेला ड्रायव्हरच प्रणालीतून वगळला. या झगड्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांना २००४ सालचा पुरस्कार दिला.

२०/ लिनक्सच्या गोटातून मात्र २००७ च्या जानेवारीत वेगळा सूर आला. कर्नल विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर देकार दिला : तुम्ही फक्त माहिती द्या किंवा बोलायला एक अभियंता द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहू आणि सांभाळू. एकीकडे थिओंचा बहिष्कार, दुसरीकडे ग्रेग यांचे आमंत्रण. दोन्ही वाटा एकाच दाराशी जात होत्या. २०१० च्या सप्टेंबरात ब्रॉडकॉमने आपल्या नव्या वायफाय चिपांचा ड्रायव्हर सोर्स कोडसह प्रसिद्ध केला.

२१/ ग्राफिक्सच्या क्षेत्रात पहिले मोठे दार एएमडीने उघडले. २००६ मध्ये तिने एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर केले, की चिपांची माहितीपत्रके सर्वांसाठी प्रसिद्ध करू. शेकडो पानांची पहिली पत्रके लगोलग बाहेर आली, तीही गोपनीयता कराराविना. तरीही एक खोली बंद होती : चित्रपट उलगडून दाखवणारा चिपमधील भाग. चित्रपटांच्या नकलेला आळा घालणारी यंत्रणा त्याच्याशी निगडित असल्याने कायदेशीर तपासणीला वेळ लागला. त्याचा मुक्त कोड आला २०१३ मध्ये.

२२/ एएमडीनेच हे का केले आणि एनव्हिडियाने का नाही? दोन्हीकडची माणसे सारखीच होती. फरक बाजारातील जागेचा. जो पुढे असतो त्याला बंद दार परवडते. ग्राहक तरीही येतात. जो मागे असतो त्याला मित्र लागतात. आयबीएमलाही २००० मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि सनशी झुंजताना मित्र हवे होते, तर १९८३ मध्ये अग्रस्थानी असताना नको होते. हा नियम प्रत्येक ठिकाणी चालेल असे नाही, पण या इतिहासात तो पुन्हा पुन्हा भेटतो.

२३/ एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर होता, वेगवानही होता, परंतु बंद. मुक्त पर्याय म्हणून स्वयंसेवकांनी ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर चिपच्या वर्तनाचे निरीक्षण करून घडवला. तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. टॉरव्हाल्ड्स यांच्या त्या शिवीनंतर, २०१३ मध्ये, कंपनीने नूव्होला थोडी माहिती देऊ केली. आणि २०१४ पासूनच्या नव्या कार्डांमध्ये एक नवे कुलूप आले : कार्डातील महत्त्वाचे फर्मवेअर कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय चालेना. परिणामी नूव्होला त्या कार्डांचा वेग वाढवताच येईना. पूर्वी खुणा लपवल्या जात, त्या शोधता येत. आता खूण कळली तरी हत्ती मालकाच्याच आवाजाला ओळखत होता.

२४/ मग २०२२ मध्ये काय बदलले? ग्राहक बदलला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील एकूणएक यंत्रे लिनक्सवर चालत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी एनव्हिडियाच्या चिपा याच जगात जाऊ लागल्या. २०२० च्या मध्यावर संपलेल्या तिमाहीत कंपनीचे डेटा सेंटरमधील उत्पन्न प्रथमच खेळांच्या कार्डांच्या उत्पन्नापुढे गेले. आता गाऱ्हाणे घेऊन येणारा ग्राहक एखादा विद्यार्थी नव्हता. हजारो कार्डे एका दमात घेणारा होता, आणि बंद ड्रायव्हर त्याच्या लिनक्सच्या देखभालीत अडथळा ठरत होता.

२५/ आणि उघडले काय? कर्नलला जोडलेला भाग, तोही २०१८ व त्यापुढील पिढीच्या चिपांसाठीचा. त्या चिपांमध्ये एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर आहे. पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले बरेचसे गुपित आता त्या प्रोसेसरवर चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये हलले होते. ते बंदच राहिले. चित्रे रेखाटणारा वरचा भागही बंद राहिला. ओसरी सर्वांना खुली झाली, माजघराचे कुलूप तसेच. तरी या पावलाला कमी लेखू नये : त्यामुळे देखभाल सोपी झाली, नूव्होच्या विकासकांनाही नवी वाट मिळाली आणि २०२४ च्या जुलैत कंपनीने हाच मुक्त भाग आपला मुख्य मार्ग ठरवला.

२६/ हे माजघराचे कुलूप उघडू शकते, याचे उदाहरण त्याआधीच घडले होते. २०१२ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाने त्याच वर्षी मुक्त ड्रायव्हरची घोषणा केली. जाणकारांनी दाखवून दिले, की तो केवळ निरोप्या आहे, खरे काम बंद फर्मवेअरमध्ये होते. टीकेनंतर २८ फेब्रुवारी २०१४ रोजी त्याच ब्रॉडकॉमने ग्राफिक्स चिपची संपूर्ण माहिती प्रसिद्ध केली. तिच्या आधारे क्वेक ३ हा खेळ चालवून दाखवणाऱ्यासाठी १०,००० डॉलरचे बक्षीस ठेवले गेले, आणि ते जिंकलेही गेले.

२७/ दुसरीकडे मुक्तस्रोताच्या गोटालाही वास्तवापुढे झुकावे लागले. तत्त्वनिष्ठेबद्दल ख्यात असलेल्या डेबियन प्रकल्पाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात घ्यायचे ठरवले. कारण त्याविना नव्या लॅपटॉपचे वायफाय आणि पडदा चालेनात. पराभव म्हणावा की शहाणपण, यावर आजही मतभेद आहेत. इतके मात्र खरे, की सीमारेषा सरकली आहे. १९८३ मध्ये ती यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यामध्ये होती. आज ती यंत्राच्या पोटात आहे.

२८/ आणि अॅपल? २०२० च्या अखेरीस तिचे एम१ चिपचे संगणक आले. कंपनीने माहिती दिली नाही, पण दुसरी प्रणाली सुरू करण्याची वाट यंत्रात मुद्दाम ठेवली. हेक्टर मार्टिन यांनी सुरू केलेल्या ‘असाही लिनक्स’ प्रकल्पाने बाकीचे सारे शोधून काढले. २०२२ च्या मार्चमध्ये त्याची पहिली चाचणी-आवृत्ती आली. असाही हे मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाचे जपानी नाव. ना मदत, ना मज्जाव : हीही एक भूमिकाच. मात्र प्रत्येक नव्या चिपसाठी तेच खोदकाम पुन्हा करावे लागते.

२९/ या साऱ्यातून काय हाती लागते? कंपन्यांचे मतपरिवर्तन झाले, असे मला वाटत नाही. त्यांचे हिशेब बदलले. पण ते आपोआप बदलले नाहीत. परवान्याची अट नसती, तर राउटरचा कोड बाहेर आला नसता. स्वयंसेवकांनी लिनक्स वर्षानुवर्षे जिवंत ठेवले नसते, तर आयबीएमला उचलायला काही तयार मिळाले नसते. बहिष्कार नसता, तर आमंत्रणाला वजन आले नसते. हिशेबाची वही कंपनीची असली, तरी तिच्यातले आकडे बाहेरच्यांनी बदलले.

३०/ हे सर्व कोणासाठी? कंपनी नवी चिप काढते, जुन्या चिपचा ड्रायव्हर सांभाळणे थांबवते आणि चांगले चालणारे यंत्र एका दिवसात भंगार होते. खुणांची यादी खुली असेल, तर कोणीतरी ते यंत्र पुढे चालवू शकते. घराच्या माळ्यावर टाकलेला राउटर किंवा लॅपटॉप एकदा खाली काढा. त्याच्यावर आज मुक्त प्रणाली चालते का, हे शोधा. चालत असेल तर कोणाच्या श्रमांमुळे, आणि चालत नसेल तर कोणत्या न मिळालेल्या कागदामुळे, हेही शोधा. काय सापडले ते खाली जरूर लिहा.